तुरट चव आणि दोन आज्या



आपल्या परंपरेने चवी सहा मानल्या : गोड, आंबट, खारट, तिखट, कडू आणि तुरट. यांतली शेवटची चव मराठी मुलाला कोणी वेगळी शिकवत नाही. कच्चे केळे, जांभूळ, हिरडा, कोवळी सुपारी यांच्यामुळे ती लहानपणीच जिभेवर बसते आणि तिचा शब्दही तिच्यासोबत येतो. इंग्रजी बोलणाऱ्या घरात या चवीला रोजच्या वापरातला शब्द नाही. शास्त्राच्या पुस्तकातला एक जड शब्द आहे, पण तो स्वयंपाकघरात कोणी उच्चारत नाही. तेथे तुरट पदार्थालाही सरसकट कडूच म्हटले जाते. कोरियन भाषेत मात्र तुरट चवीला स्वतंत्र घरगुती शब्द आहे, 'तॉल्बुन-मात'. न पिकलेले पर्सिमॉन चावल्यावर जीभ जशी आखडते, त्या अनुभवाला कोरियन आजी हाच शब्द लावते.

एका चवीच्या नावाने भाषणाला आरंभ करण्याचे कारण असे, की पुढे ज्या अन्नाची कथा येणार आहे त्याचा सगळा इतिहास या तुरटपणात साठवला आहे. ते अन्न म्हणजे ओक वृक्षाचे फळ. हा वृक्ष भारताला अनोळखी नाही; गढवाल-कुमाऊंच्या उतारावर ज्याला बांज म्हणतात तो याच कुळातला. फळ साधारण सुपारीएवढे, डोक्यावर खवल्यांची टोपी, कठीण कवच आणि आत दोन दळांचा गर. दिसायला साजिरे असले तरी त्यात टॅनिन भरपूर असते. ते काढल्याखेरीज हे फळ माणसाच्या पोटाला मानवत नाही. ते काढले, तर पोटभरीचा असा दुसरा पदार्थ जंगलात क्वचितच मिळेल.

पॅसिफिक महासागराच्या दोन काठांवरील समाजांनी, एकमेकांची गंधवार्ताही नसताना, या फळाचा तुरटपणा पाण्याने उतरवण्याची विद्या सिद्ध केली. एका काठावर कोरियातील शेतकरी घरे होती. दुसऱ्या काठावर कॅलिफोर्नियातील मिवोक, मोनो, पोमो, योकुट्स, ओलोनी आदी मूलनिवासी. दोन्हीकडे ही विद्या प्रामुख्याने स्त्रियांच्या हाती राहिली आणि दोन्हीकडे विसाव्या शतकात ती तुटता तुटता वाचली. आज या दोन समाजांची माणसे त्याच कॅलिफोर्नियात शेजारी राहतात. त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या अन्नकथा एकमेकींशेजारी ठेवल्या, तर एकटी कथा जे सांगत नाही ते ऐकू येऊ लागते.

प्रथम कॅलिफोर्नियाकडे पाहू. योसेमिटीच्या दरीत काळ्या ओकचे फळ विशेष पसंतीचे. शरद ऋतूत ते वेचायचे, पण लगेच वापरायचे नाही; पुष्कळ महिने, बहुधा वर्षभर, वाळू द्यायचे. साठवणीसाठी खांबांवर उंच उभारलेल्या, फांद्या-गवताने शाकारलेल्या कणग्या असत. वाळलेले फळ दगडावर ठेवून दुसऱ्या दगडाने फोडायचे, गरावरची तांबूस पापुद्र्यासारखी साल चोळून आणि पाखडून काढायची, मग ग्रॅनाइटच्या खडकात कोरलेल्या उखळात कांडायचे. एकेका सपाट खडकावर अशी अनेक उखळे आजही दिसतात. त्यांच्यातील अंतर पाहिले की बायका किती जवळ बसून कांडत असतील, हे कोणी सांगावे लागत नाही. जात्यावर बसल्याशिवाय ओवी सुचत नाही असे म्हणणाऱ्या मराठी माणसाला त्या खडकापाशी काय बोलणे होत असेल याचा अंदाज सहज बांधता येईल.

पीठ तयार झाले, की खरे काम सुरू होते. वाळूत एक उथळ, पसरट आळे करायचे आणि त्यावर पीठ सारखे पसरायचे. वरून पाणी ओतताना धारेने पिठाला खड्डा पडू नये म्हणून मध्ये सूचिपर्णी झाडाची डहाळी धरायची. पाणी पिठातून वाळूत मुरते आणि जाताना तुरटपणा घेऊन जाते. पुन्हा पाणी, पुन्हा मुरणे. किती वेळा, याला ठरलेला आकडा नाही. ते फळावर, पिठाच्या बारीकपणावर आणि पाण्यावर अवलंबून. तुरटपणा गेला, की ते पीठ पाण्यात कालवून टोपलीत शिजवायचे. टोपलीत, हे शब्दशः घ्यायचे आहे. ही टोपली इतकी घट्ट विणलेली असते की तिच्यातून पाणी गळत नाही. विस्तवात तापवलेले दगड धुऊन तिच्यात सोडायचे आणि टोपली जळू नये म्हणून वाकवलेल्या काठीच्या फासाने ते सतत हलवत राहायचे. काही वेळात पीठ रटरटू लागते. होणाऱ्या दाट लापशीला 'नुप्पा' म्हणतात. तिला मीठ नाही, मसाला नाही. नवख्याला ती बेचव वाटते आणि जुन्या माणसाला तिच्याशिवाय जेवण झाल्यासारखे वाटत नाही.

या अन्नावर घाला कसा पडला, हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. १८४८ साली कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि बाहेरच्यांची झुंबड उडाली. १८५१ मध्ये मारिपोसा बटालियन नावाची सशस्त्र तुकडी योसेमिटीच्या दरीत शिरली तेव्हा तिने तेथील लोकांच्या ओकफळांच्या कणग्या जाळल्या. धान्याचे कोठार जाळले की लोक डोंगर सोडून खाली येतात, हा जुना आणि क्रूर हिशेब. वसाहतकऱ्यांची डुकरे रानातली फळे खाऊ लागली, ओकची झाडे तुटली, आणि १८४६ साली सुमारे दीड लाख असलेली कॅलिफोर्नियाची मूलनिवासी लोकसंख्या १८७० पर्यंत सुमारे तीस हजारांवर आली. जे उरले त्यांची मुले निवासी शाळांत गेली. या शाळांत स्वतःची भाषा बोलणे हा अपराध होता. सरकारी पीठ आणि डबाबंद अन्न हे तेथले जेवण.

अशाच एका निवासी शाळेत वाढलेली एक अनाथ मुलगी म्हणजे ज्युलिया पार्कर. त्या वंशाने कशाया पोमो आणि कोस्ट मिवोक. योसेमिटी हे त्यांचे माहेर नव्हे. विवाह झाला तो योसेमिटीतील राल्फ पार्कर यांच्याशी, आणि त्यांची आजी म्हणजे लुसी टेलिस. लुसी टेलिस या त्या काळच्या नामांकित टोपलीकार होत्या. त्यांची चार वर्षे खपून विणलेली प्रचंड टोपली १९३९ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील प्रदर्शनात मांडली गेली होती. स्वतःच्या आजीकडून जे मिळायचे ते शाळेने तोडले होते. ते ज्युलियाबाईंना आजेसासूच्या घरी पाहायला मिळाले. पुढे इतर ज्येष्ठ स्त्रियांकडून त्यांनी टोपल्या आणि ओकफळाचे अन्न दोन्ही शिकून घेतले. १९६० पासून त्या योसेमिटीत येणाऱ्या लोकांना हे काम करून दाखवू लागल्या आणि त्यांच्या सांगण्यावरून बेव्हर्ली ऑर्टिझ यांनी ओकफळाच्या पाकक्रियेवर लिहिलेले पुस्तक १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. रक्ताच्या नात्यात तुटलेला धागा सासरच्या नात्यात, आणि तोही दुसऱ्या वंशाच्या घरात, जोडला गेला. परंपरा सरळ रेषेत उतरते असे मानणाऱ्यांनी या नातसुनेची कथा जरूर ध्यानात घ्यावी.

आता दुसरा काठ.

कोरियन आजीला, म्हणजे 'हल्मोनी'ला, ओकफळ 'दोतोरी' या नावाने ठाऊक असते. तीही शरद ऋतूत वेचते, वाळवते, फोडते, दळते. मात्र ती वाळूचे आळे करीत नाही. ती पीठ पाण्यात भिजवते, गाळते आणि भांडे स्वस्थ ठेवते. तळाशी सत्त्व बसते, वर तपकिरी पाणी राहते. ते ओतून टाकायचे, नवे घालायचे, पुन्हा थांबायचे. आपल्याकडे गव्हाचा चीक काढणाऱ्या घरांना ही क्रिया परकी वाटणार नाही. निवळलेले सत्त्व वाळवून ठेवतात. हवे तेव्हा पाच-सहा पट पाण्यात कालवून मंद आचेवर न थांबता ढवळतात आणि घट्ट झाल्यावर ओतून थंड करतात. थरथरणारी तपकिरी वडी तयार होते, ती 'दोतोरी-मुक'. वरून सोया सॉस, तिळाचे तेल, मिरची, पातीचा कांदा. तुरटपणा पूर्ण जात नाही. थोडा उरला पाहिजे, असेच जाणकार म्हणतात.

हे अन्न दुष्काळाचे. जोसोन राजवटीच्या काळात दुष्काळाच्या तयारीत ओकफळे गोळा करून ठेवण्याला स्थान होते. १५९२ साली जपानी आक्रमणापुढे राजा सोंजो उत्तरेकडे पळाला तेव्हा त्याच्या ताटात हेच मुक वाढले गेले आणि त्याला ते आवडले, अशी कथा सांगतात. ओकचे झाड शेताकडे पाहून फळते, अशी एक कोरियन म्हणही आहे. शेत पिकले तर ते कमी फळते, शेत बुडाले तर भरभरून. यात केवळ भाबडेपणा नाही. ओकचे परागण वाऱ्याने होते; फुलोऱ्याच्या वेळी पाऊस ओढ देऊन भाताची लावणी अडली, तर तीच कोरडी हवा ओकला मानवते. म्हणजे ही म्हण पिढ्यान् पिढ्या पाहिलेल्या हवामानाची नोंद आहे. कोणत्याही कार्यालयात ती नोंद नव्हती; आजीच्या बोलण्यात होती.

कोरियन वडीलधाऱ्यांच्या तोंडी येणारा आणखी एक शब्द आहे, 'बोरित्गोगे'. 'बोरी' म्हणजे जव, 'गोगे' म्हणजे डोंगरातली खिंड. शरदातला तांदूळ वसंतात संपायचा आणि जव पिकायला अजून अवकाश असायचा. मधले ते आठवडे म्हणजे जवाची खिंड. ती ओलांडताना लोक रानभाजी, झाडाची आतली साल आणि साठवलेली ओकफळे यांवर दिवस काढीत. जपानी राजवटीत, १९१० ते १९४५ या काळात, कोरियाचा तांदूळ मोठ्या प्रमाणावर जपानला जात असे, त्यामुळे ही खिंड अधिक खडी झाली. त्याच राजवटीच्या अखेरच्या वर्षांत शाळांतून कोरियन भाषाही हद्दपार करण्यात आली. नंतर १९५० ते १९५३ चे युद्ध. युद्धानंतरही तांदूळ पुरेना. तेव्हा शासनाने जव व इतर धान्ये मिसळून खाण्याची मोहीम काढली, आणि साठ-सत्तरच्या दशकांत शिक्षक वर्गात मुलांचे डबे उघडून भातात जव मिसळले आहेत की नाही हे तपासत. आज सत्तरीला टेकलेले कोरियन गृहस्थ ही आठवण हसत सांगतात : घरात पांढरा भात असला तरी वर जवाचा थर लावून डबा दिला जाई. शाळेत डबा लपवून खाणे आणि डबा तपासून घेणे, यांतले कोणते अधिक लाजिरवाणे, हा प्रश्न ते हसू थांबल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात राहतो.

दोन्ही कथांत एक पदार्थ असा येतो, जो लष्कराच्या कोठारातून आला. कोरियात युद्धानंतर अमेरिकी तळांच्या आसपास, विशेषतः उईजॉन्बू गावात, तळावरून बाहेर आलेले डबाबंद मांस आणि सॉसेज किमचीच्या रश्श्यात घालून लोक खाऊ लागले. त्याचे नाव 'बुदे-च्चिगे'. 'बुदे' म्हणजे लष्करी तुकडी. अमेरिकेत १८६४ साली नाव्हाहो लोकांना त्यांच्या भूमीतून शेकडो मैल चालवत बोस्क रेदोंदो येथे नेऊन डांबण्यात आले आणि हातात शिधा पडला तो पीठ आणि चरबीचा. पुरीसारखी फुगणारी, तळलेली भाकरी त्या शिध्यातून आली असे मानतात. १८६८ च्या तहानंतर नाव्हाहो लोक घरी परतले. भाकरी मात्र त्यांच्याबरोबर आली आणि पुढे साऱ्या अमेरिकेतील मूलनिवासींच्या मेळाव्यांत पोहोचली. आज या दोन्ही पदार्थांविषयी त्या त्या समाजात एकमत नाही. कोणाला त्यात आईचा हात आठवतो, कोणाला अपमान. तळलेल्या भाकरीवर मधुमेहाचे कारण म्हणून टीका करणारे मूलनिवासी विचारवंत आहेत, आणि ती टाकून द्या म्हटले की दुखावणाऱ्या आज्याही आहेत. दोघांचेही खरे आहे. अशा पदार्थाविषयी निकाल देण्याची घाई बाहेरच्याने करू नये, एवढे मात्र निश्चित.

या आज्या घरात गप्प का राहिल्या, हा प्रश्न येथे येतो. निवासी शाळेतून परतलेल्या स्त्रीने मुलांना भाषा शिकवली नाही. कारण त्या भाषेपायी आपल्याला जे भोगावे लागले ते मुलांना भोगावे लागू नये, असे तिला वाटे. युद्धातून आलेल्या कोरियन बाईने झाडाची साल उकळून खाल्ल्याचे नातवाला सांगितले नाही. अमेरिकेत फ्रिज भरलेला असताना भुकेचे बोलणे अशुभ. नातवंडांचीही बाजू होती. डब्यातल्या किमचीच्या वासावरून वर्गात हसे झाले, की मूल घरी येऊन आईला पावाचा डबा मागते. एकीकडे न सांगणे, दुसरीकडे न विचारणे. दोन पिढ्यांत अशी कोंडी झाली की ती मायेनेही सुटत नाही, कारण तिच्या मुळाशीही मायाच असते.

कोंडी सुटते ती पुष्कळदा परक्याच्या प्रश्नाने. कोरियन आजीपुढे एखादी मिवोक स्त्री बसली आणि तिने विचारले, "तुम्ही किती पाणी बदलता?" तर तो प्रश्न दयेचा राहत नाही, कुतूहलाचाही नाही, तो एका कसबी बाईने दुसऱ्या कसबी बाईला विचारलेला असतो. त्याचे उत्तर देताना संकोच उरत नाही. वाळूचे आळे बरे की भांड्यातले निवळणे बरे? वर्षभर वाळवता की आठवडाभर? किडके फळ कसे ओळखता? पाण्यात टाकून तरंगते ते किडके, हे दोघींनाही ठाऊक असते आणि तेथे दोघी हसतात. आणि मग, हातातले काम चालू असताना, न विचारलेले बाहेर येते : कोणत्या वर्षी फक्त हेच खाल्ले, त्या वर्षी घरात कोण होते, कोण नव्हते.

अशा बैठकीत दुभाषा बहुधा नातू किंवा नात असते. तिला आजीचे वाक्य दुसऱ्यासाठी इंग्रजीत न्यायचे असते, म्हणून ते शेवटपर्यंत ऐकावे लागते. घरी ते अर्ध्यावर तोडता येते, येथे येत नाही. आजी म्हणते 'तॉल्बुन-मात', आणि नात अडते. कडू म्हणावे तर आजी मान हलवते. कडू वेगळे, हे वेगळे. इंग्रजीतला तो जड शब्द समोरच्या वृद्ध स्त्रीला सांगून उपयोग नाही. शेवटी नात ओठ आत ओढून चेहरा करून दाखवते आणि समोरची ओळखते. एका शब्दावर दोन मिनिटे गेली, त्या दोन मिनिटांत आपल्या भाषेत काय आहे याचा नातीला जो बोध होतो, तो शिकवणीच्या वर्गात क्वचितच होतो. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या ज्या मराठी मुलाने शेजारच्या मित्राला 'तुरट', 'खमंग' किंवा 'चरचरीत' हे शब्द हिंदीत अथवा गुजरातीत समजावून सांगण्याचा प्रयत्न केला असेल, त्याला ही अडचण नव्याने सांगायला नको.

दोन्ही समाजांचे शिष्टाचारही अशा वेळी एकमेकांना ओळखतात. कोरियन पंगतीत वडीलधाऱ्याने चमचा उचलल्याखेरीज धाकट्यांनी उचलायचा नाही. मूलनिवासींच्या मेळाव्यांत पहिले ताट वडीलधाऱ्यांकडे जाते. अनेक मूलनिवासी समाजांत 'एल्डर' हा केवळ वयाचा निर्देश नाही. ज्ञान सांभाळणाऱ्याला समाजाने दिलेले ते स्थान असते आणि त्याच्याकडे काही विचारायला जाताना रिकाम्या हाताने जात नाहीत. कोणती गोष्ट सांगायची, कोणती घरातच ठेवायची, कोणती लिहून घेऊ द्यायची, हे सांगणारा ठरवतो. ध्वनिमुद्रण यंत्र समोर ठेवून "बोला आजी" म्हणणाऱ्या उत्साही तरुणांनी हे आधी शिकायला हवे.

मात्र साम्याचा आनंद घेताना एक भेद झाकला जाऊ नये. कोरियन आजीच्या मागे एक देश उभा आहे. तिच्या किमची करण्या-वाटण्याच्या 'किमजांग' प्रथेला २०१३ साली युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. ओकफळाच्या सत्त्वाची पाकिटे कॅलिफोर्नियातील कोरियन दुकानांत फळीवर मांडलेली असतात. खुद्द कोरियात तर आता डोंगरावर फिरायला जाणाऱ्यांना विनवावे लागते, की खारींसाठी फळे मागे ठेवा. मिवोक आजीचा देश तिच्या पायाखालीच आहे आणि तरीही तो तिच्या हाती नाही. योसेमिटीच्या दरीतील तिच्या लोकांच्या वस्तीची शेवटची घरे १९६९ मध्ये नष्ट करण्यात आली. कोरियन माणसे कॅलिफोर्नियात आली ती कष्टकरी म्हणून. १९०३ मध्ये पहिली तुकडी हवाईत उतरली आणि थोड्याच वर्षांत त्यांतील काही कुटुंबे मुख्य भूमीवर, रिव्हरसाइडच्या संत्र्यांच्या बागांत आणि पुढे रीडलीच्या फळबागांत राबू लागली. रीडली आहे किंग्स नदीच्या काठी, योकुट्स लोकांच्या मूळ भूमीत. म्हणजे भूक आणि हद्दपारी सोसून आलेला पाहुणाही कोणाच्या तरी घरातच उतरला होता. यजमानाला हे ठाऊक असते. पाहुण्यानेही ते जाणून ओकच्या झाडाखाली वाकावे, ही अपेक्षा वाजवी आहे. परराज्यांत पिढ्यान् पिढ्या नांदलेल्या मराठी कुटुंबांना पाहुणचाराचा हा व्यवहार अनुभवाने कळतो, आणि आपल्याच सह्याद्रीत कडू करांदे चिरून, उकडून वाहत्या पाण्यात ठेवणाऱ्या कातकरी-ठाकर बायकांकडे तीच विद्या आहे हे पुष्कळ मराठी घरांना ठाऊक नसते, हेही येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

लिहून ठेवले म्हणजे काम झाले का? तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात सरफोजी राजांच्या काळातील मराठी पाकशास्त्र जतन झाले आहे. ते आहे हे आपले भाग्य. कॅलिफोर्नियातही अशी एक नोंद आहे. जॉन पीबॉडी हॅरिंग्टन नावाच्या भाषाभ्यासकाने १९२० आणि १९३० च्या दशकांत ओलोनी वडीलधाऱ्यांकडून हजारो पाने लिहून घेतली. त्यांतल्या इसाबेल मेडोज या रुमसेन भाषेच्या जाणकार. १९३९ साली त्यांचा मृत्यू झाला. त्या पानांत व्याकरणाबरोबर खाण्यापिण्याच्या आठवणीही उतरल्या. ती पाने वर्षानुवर्षे संग्रहालयात पडून होती. व्हिन्सेंट मेडिना आणि लुई ट्रेव्हिनो या दोन ओलोनी तरुणांनी ती आपल्या पूर्वजांची भाषा पुन्हा बोलण्यासाठी उघडली. भाषेसोबत अन्न वर आले, आणि २०१८ मध्ये बर्कलीत त्यांनी ओलोनी पदार्थांचे भोजनगृह सुरू केले. तेथे ओकफळाचे सार आणि भाकरी वाढली जाई, आणि वाढण्यापूर्वी पूर्वजांच्या भाषेत बोलले जाई. लिहिलेल्या कागदावरून त्यांना पदार्थाचे नाव मिळाले, घटक मिळाले, आठवण मिळाली. हाताचे काम मात्र त्यांना हात वापरूनच शिकावे लागले.

कोरियन भाषेत यालाही एक शब्द आहे, 'सोन-मात'. 'सोन' म्हणजे हात, 'मात' म्हणजे चव. एकाच मापाने, एकाच सामग्रीने दोघींनी केले तरी एकीचे वेगळे लागते, ते सोन-मातमुळे. मराठीत अगदी हेच म्हणतात : तिच्या हाताला चव आहे. दोन दूरच्या भाषांनी एकच शब्दयोजना केली याचे नवल वाटते खरे, पण ज्यांनी मापाच्या भांड्याशिवाय जन्मभर स्वयंपाक केला त्यांना दुसरा शब्द सुचणार तरी कोणता? नातवंडे वही-पेन घेऊन बसतात आणि विचारतात, "किती घालायचे?" आजी म्हणते, "लागेल तेवढे." नातवंडे चिडतात. आजी टाळाटाळ करीत नसते. तिला खरोखरच आकडा ठाऊक नसतो, तिच्या बोटांना ठाऊक असतो.

म्हणून पुढच्या वेळी नात वही बाजूला ठेवते, बाह्या वर करते आणि भांड्याशेजारी बसते. पाणी निवळले आहे. वरचे पाणी पहिल्यांदा चहासारखे होते, आता फिकट पिवळसर आहे. नातीला वाटते, झाले. आजी करंगळी बुडवते, जिभेला लावते, क्षणभर थांबते आणि भांडे नातीकडे सरकवून म्हणते, "तूच बघ." नात चव घेते. ओठ किंचित आखडतात. ती आजीकडे पाहते, मान हलवते आणि उठून आणखी एक पाणी आणायला जाते.